‘च’ आणि ‘क’चा सराव

“पुन्हा म्हणा, सर. मी चुकलो.”

सरांनी ओठ हलवले. तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता. तिथून लाळ आली, शब्द काही आला नाही. खुर्चीमागे उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं ती रुमालानं टिपली. समोर बसलेल्या स्पीच थेरपिस्टनं पायावर पाय टाकला आणि साखरेत घोळलेल्या आवाजात म्हणाली, “मी चुकलो. पुन्हा.”

दवाखान्यात तिचं नाव झालं होतं ते भलत्याच गोष्टीसाठी. अर्धांगाच्या झटक्यानं वाचा गेलेल्या माणसांना ती गाणी म्हणायला लावी, कपबश्यांची भांडणं लावून दाखवी, चित्रांवरून थापा रचून घेई. तिच्या खोलीतून हसण्याचे आवाज येत. सरांसाठी मात्र तिनं भिंतीवरची चित्रंसुद्धा उतरवून कपाटात कोंबली होती. त्यांच्या बायकोनं भीत भीत कारण विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “‘च’ आणि ‘क’ एकदा जमले ना काकू, की बाकीचं आपोआप सुटतं.” ही शुद्ध लोणकढी थाप होती.

खरं कारण तिच्या चौथीच्या वर्गात होतं. पाढे काही केल्या तिच्या डोक्यात बसत नसत. मग तिनं आकड्यांची माणसं केली. सात म्हणजे चिडकी आत्या, आठ म्हणजे घोरणारे काका. दोघं एका खोलीत आले की छप्पन्न भानगडी. असा अख्खा पाढा तिनं रंगवून म्हटला, एकही चूक न करता. वर्ग खिदळला. सर हसले नाहीत. “पाढा विचारलाय, तुझं पुराण नाही. घोकल्याशिवाय काही येत नसतं,” म्हणाले, आणि दाराबाहेर उभं करून ‘मी चुकले’ शंभर वेळा म्हणायला लावलं. उत्तरं सगळी बरोबर असताना! तिचा घसा बसला. येणारेजाणारे थांबून बघत होते. तो डंख तिनं इतकी वर्षं जपला होता, आणि आता तोच माणूस आयता तिच्या पुढ्यात येऊन बसला होता.

सरांनी तिला दुसऱ्याच दिवशी ओळखलं. ‘मी चुकलो’ हे वाक्य कानावर पडताच त्यांचे डोळे तिच्यावर खिळले. त्यांना समजत सगळं होतं, फक्त बोलता येत नव्हतं. काकू पाणी भरायला बाहेर गेल्या, तशी ती पुढे वाकली. “ओळखलंत ना? मग म्हणा. घोकल्याशिवाय काही येत नसतं.” तिचं काळीज निवलं. असं उट्टं काढायला मिळायला नशीब लागतं.

पण सर मोडेनात. बाकीचे पेशंट दहा मिनिटांत थकून मान टाकत, हे खुर्चीत ताठ बसून घोकत. जेवताना घोकत, भिंतीकडे तोंड करून घोकत. आधी नुसता ‘म’ आला. मग ‘चु’ फुटला. आणि एका सकाळी तिनं तोंड उघडायच्या आत सरांनीच म्हटलं, “मी चुकलो.” स्वच्छ, खणखणीत. बाहेर बाकावर बसलेल्यांनी माना वळवल्या. काकूंनी तोंडाला पदर लावला.

तिला वाटलं होतं, हे ऐकलं की सगळं फिटेल. पण फिटलं नाही. पोपटानं म्हटल्यासारखं ते वाक्य तिला नको होतं. इतक्या वर्षांची आग अशी थोडीच विझते?

“आता पाठ केलेलं नको, सर,” ती दात खाऊन म्हणाली. “मनापासून म्हणा.”

सरांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. कपाळावर घाम फुटला. मानेची शीर ताठ झाली.

“मी चुकलो...” ते थांबले. वाकडं तोंड आणखी वाकडं झालं, हात खुर्चीच्या दांड्यावर आवळला गेला. “नाही.”

तिनं पायावरचा पाय खाली घेतला. काकूंनी मात्र धावत येऊन तिचे दोन्ही हात घट्ट धरले. त्या हसत होत्या आणि रडत होत्या.

“बाई, ‘नाही’ तुम्ही कुठे शिकवला होतात? हा त्यांनी मनाचा घातला हो!”