हातची चाकं

सुतारकाकांच्या माडीवरच्या कारखान्यात खेळण्यांच्या दुकानाच्या बाईंनी लाकडी गाडी उलटी धरली, चारही चाकं एकेक करून फिरवली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"काका, ही चाकं हातची वाटत नाहीत."

"करवतीनं कापलीत, कानशीनं घासलीत," सुतारकाका म्हणाले.

"मग चारही सारखी कशी?"

"तीस वर्षं तेवढंच तर शिकलो हो."

बाईंनी पर्समधून मोजपट्टी काढली. चाकं तंतोतंत सारखी निघाली, तशी त्यांची शंका पक्की झाली. "आमचं गिऱ्हाईक हातकामासाठी येतं. त्यांची फसवणूक मला चालायची नाही. ऑर्डर रद्द समजा."

काका गाडी परत घ्यायला पुढे झाले. तेवढ्यात काकूंनी टाकून द्यायला ठेवलेल्या चाकांची पाटी पुढे सरकवली. तिच्यातलं एक चाक दुसऱ्याशी जुळत नव्हतं. भोकं तर वाटेल तिथे. बाईंचा चेहरा खुलला.

"बघा, याला म्हणतात माणसाचा हात! दोनशे गाड्यांना अशीच लावा."

बाई जिना उतरल्याची खात्री करून काकू म्हणाल्या, "अहो, आधी त्या मेकॅनिकला फोन करा. चाकं कापायचं नवं मशीन बिघडलंय ते तसंच राहू दे म्हणावं."