डोळ्यांत न खुपणारं घर

गोंदियाचे राइस मिलवाले इंद्रकुमारसेठ सालेकसाच्या डोंगरावर बंगला बांधत होते. आर्किटेक्टचं म्हणणं एकच, घर निसर्गात विरघळलं पाहिजे. मग भिंती डोंगराच्याच दगडाच्या झाल्या, गच्चीवर गवत लागलं आणि बंगला खरोखरच विरघळला. विरघळेना ते पायथ्याचं श्यामलालचं घर. त्याच्या छपराचं निळं टिन गॅलरीतून थेट डोळ्यांत खुपायचं.

सेठ भला माणूस. त्यांनी हाकलण्याची भाषा केली नाही. उलट श्यामलालला बंगल्यावर चौकीदार ठेवलं आणि त्याच्या टिनाला स्वखर्चानं झाडीचा हिरवा रंग मारून दिला. मग भिंतींना मातीचा. मग आर्किटेक्ट श्यामलालच्या बायकोला म्हणाला, "मावशी, ते लाल लुगडं तेवढं घरातच वाळवत जा."

"मंग मले बी हिरवा रंग फासून द्या ना जी," रुख्मा म्हणाली.

श्यामलालनं तिला गप्प केलं. नोकरी नवी होती.

वास्तुपूजेच्या दिवशी पाहुण्यांना पाणी देता देता तो पहिल्यांदाच गॅलरीत गेला. आपलं घर वरून कसं दिसतं ते पाहावं म्हणून जरा वाकला. खाली नुसतं जंगल होतं.

"क्या बात है! इकडे कोणीच राहत नाही का हो?" एका पाहुणीनं विचारलं.

सेठ हसत त्याच्याकडे वळले. "काऊन गा श्यामलाल, राहते का कोणी?"

श्यामलालनं पुन्हा एकदा खाली पाहिलं.

"दिसून तं नाही राहिलं, सेठ."