डोक्यावरची जागा

काकासाहेबांनी शेवटी छताला चिकटणारा चपटा दिवा घेतला. पण हे झालंच नाही असं धरून चालू. सध्या ते औरंगपुऱ्यातल्या दिव्यांच्या दुकानात उभे आहेत आणि पिशवीतून वरवंटा काढताहेत.

"हे काय, काका?" काउंटरवरची रूपा जरा मागं सरली.

"खोलीची उंची."

वरवंट्याला सुतळी बांधलेली होती. छत मोजायचं तर सुतळीचं खालचं टोक धरायला दुसरं माणूस लागतं. घरात दुसरं माणूस नव्हतं, वरवंटा होता. गाठ सोडली तर माप चुकेल, म्हणून छावणी भागातल्या घरून दोघं तसेच रिक्षानं आले होते.

रूपानं टेप लावली. "वरवंट्यासकट नऊ फूट."

"सकटच धरा. तो फरशीवर होता."

काकासाहेबांची नजर लाल काचेच्या दिव्यावर होती. दांडी-काच मिळून तीन फूट लोंबणारा. उजेड एवढासाच, पण पार अंगाजवळ येणारा.

"हा द्या. जेवताना सोबत होईल."

"टेबलावर लावणार?"

"टेबल नाय. मधोमध खाली बसतो मी."

"मग घरात सगळ्यात उंच कोण, ते सांगा. डोकं लागाया नको."

घरात सगळ्यात उंच काकासाहेबच होते, पाच फूट चार इंच. सगळ्यात बुटकेही तेच. तरी त्यांनी मुलाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"अंगद, तुझी उंची किती रे?"

"मीटिंगमध्ये आहे, अण्णा." बंगळुरूहून आवाज आला. "का? पुन्हा स्थळ आणलं का?"

"दिवा बघतोय. सहा फुटांवर येतोय."

"मी सहा-एक. पण अण्णा, मी कुठं तिथं..." पुढं मीटिंग सुरू झाली.

"एका इंचानं लागतोय," काकासाहेब म्हणाले. "दांडी कापता येईल?"

"नाय काका, अखंड येते. ते कधी येणारेत?"

"दिवाळीला म्हणलाय."

"ह्या?"

"कोणत्या, ते नाय बोलला."

रूपानं लाल दिवा एकदा लावला, एकदा विझवला. "मग तोवर हाच लावा की. ते आले की बदलून देते."

"नको. आल्या आल्या डोक्याला लागलं, तर त्याला परत जायला कारण मिळंल."

मग रूपानं तो चपटा दिवा खोक्यात भरला, जो अजूनही कुणी घेतलेला नाही. वॉरंटी कार्डावर शिक्का मारून दोन वर्षं लिहिली आणि आजची तारीख घालायला लागली.

"थांबा," म्हणत काकासाहेबांनी पेन मागितलं. तहसील कचेरीत तीस वर्षं घोटलेल्या अक्षरात, ग्राहकाच्या सूचनेसाठी सोडलेल्या दोन ओळींत त्यांनी लिहिलं:

'मा. कंपनीस सविनय विनंती की, सदर दिव्याची मुदत आजपासून न धरता, चि. अंगद हा सदर दिव्याखाली प्रत्यक्ष उभा राहील त्या दिनांकापासून धरण्यात यावी.'