एकही पायरी नसलेली जागा

शिंपीकाकांनी आधी तीन मजल्यांच्या जिन्याला नावं ठेवली आणि मग जागा खाली करायची नोटीस टेबलावर आपटली.

भाडेकरू सल्ला केंद्रातल्या सल्लागार बाईंनी ती उचलली नाही. या महिन्यात ते चौथ्यांदा आले होते आणि नोटिशीतली ओळन् ओळ बाईंना पाठ झाली होती.

"घर वाचवायचा सल्ला देता आणि आधी माणसाचे गुडघे घालवता," शिंपी काठीवर रेलून धापा टाकत म्हणाले. "माझ्याकडे या एकदा. तळमजला आहे, एक पायरी नाही. चाकाच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक थेट मशीनपाशी येतं."

बाई कधीच गेल्या नव्हत्या. देणगी देणारी संस्था घरभेटीचा खर्च मंजूर करत नसे, आणि केंद्र तर त्या एकाच संस्थेच्या अनुदानावर चालत होतं. बाईंचा पगार, डगमगणारं टेबल, फायलींचं कपाट, सगळं त्यातच. त्यामुळे बाई लोकांची घरं वाचवायच्या ती या तिसऱ्या मजल्यावर बसून, कागदावर.

जिन्याचं हे रडगाणं जुनंच होतं. गेल्या वर्षी शिंपी पहिल्यांदा आले ते गळक्या छताची तक्रार घेऊन. तेव्हा त्यांनी बाईंना इतकं ऐकवलं, की ते गेल्यावर बाईंनी त्याच रागात संस्थेला अर्ज लिहिला होता: केंद्राला तळमजल्यावर जागा द्यावी, एकही पायरी नसावी, चाकाची खुर्ची आत यावी, बसथांबा जवळ असावा. संस्थेने वर्षभरात त्याची पोचसुद्धा दिली नव्हती. बाईंनीही आशा सोडली होती.

शिंप्यांची बाजू कागदावर लंगडीच होती. चाळीस वर्षांपूर्वी जुन्या मालकाने नुसत्या शब्दावर राहायला आणि शिवणकामाला दोन खोल्या दिल्या. करारनामा नाही, पावत्या नाहीत. आता इमारत कुठल्याशा कंपनीने घेतली होती आणि तिचा वकील सांगत होता, सही करून जागा सोडा, शहराबाहेर एक खोली मिळेल.

बाईंनी पुन्हा एकदा समजावलं. कोर्टात गेलात तर ती खोलीही हातची जाईल, दुसरं काही होणार नाही.

"मला खोली नको," शिंपी म्हणाले. "दाराच्या चौकटीवर मी माझ्या हातानं इंच कोरलेत, खालपासून वरपर्यंत. गल्लीतलं प्रत्येक पोर तिथं पाठ टेकून उभं राहिलंय. माझा मुलगासुद्धा. त्याचं माप दुसरीकडे कुठे आहे का?"

तो मुलगा आता हयात नव्हता. फायलीत तशी नोंद होती. बाईंना त्यांची दया आली, आणि ती आली म्हणूनच त्यांचा आणखी राग आला.

"नव्या मालकाशी तुमचं आतून जमलंय," शिंपी म्हणाले.

आता मात्र बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काका, मालकाचा इथे कपभर चहा चालत नाही. आमची संस्था वेगळी आहे."

"मग तिला विचारा ना, पैसा कुठून आणते ते."

बाईंनी ते कधी विचारलं नव्हतं. अनुदान घेणाऱ्याने असले प्रश्न विचारायचे नसतात, एवढं त्या नोकरीत शिकल्या होत्या.

त्याच आठवड्यात संस्थेच्या अधिकाऱ्यांचा फोन आला. गोड आवाजात त्यांनी वार्षिक अहवालाची आठवण करून दिली. पुढच्या वर्षीचं अनुदान मिटलेल्या प्रकरणांवरच ठरणार होतं, आणि इतकी प्रकरणं लोंबकळत राहिली तर केंद्राला टाळं लागायला वेळ लागणार नव्हता. फोन ठेवल्यावर बाईंनी कपाटातल्या फायली पाहिल्या. शिंप्यांचीच सगळ्यात जाड होती.

पुढच्या खेपेला त्यांनी शिंप्यांना बसासुद्धा म्हटलं नाही. वकिलाचे कागद समोर सरकवले आणि सांगितलं, आज सही केली नाहीत तर उद्यापासून ही फाईल मी बघणार नाही, मग तुम्ही आणि तुमची चौकट.

शिंप्यांनी बाईंचंच पेन घेतलं.

"तुमच्या सल्ल्यानं जातोय," सही करून ते म्हणाले. "विसरू नका."

ते जिना उतरेपर्यंत बाई काठीचा आवाज ऐकत होत्या. मग त्यांनी फायलीवर 'मिटले' असा शिक्का मारला आणि हात धुऊन आल्या.

तीन महिन्यांनी अधिकारी गाडी घेऊन दारात हजर. अनुदान तर मिळालंच होतं, पण त्यांना बाईंना आणखी काही दाखवायचं होतं. वाटेत त्यांनी अहवालाचं इतकं कौतुक केलं, की त्या नादात बाईंनी बाहेर बघितलंच नाही. बसथांब्यापासून चार पावलांवर गाडी थांबली.

"अर्ज केला होता ना?" अधिकारी किल्ली पुढे करत म्हणाले. "उशीर झाला, पण शब्दन् शब्द पाळलाय. बघून घ्या."

तळमजला होता. पायरी नव्हती. दाराला पांढरा रंग नुकताच दिला होता आणि त्याचा वास अजून नाकात जात होता. बाईंना हसूच आलं. आता शिंपीकाका आले, तर नावं कशाला ठेवणार? त्यांना खास निरोप पाठवून बोलवायचं, त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं.

अधिकाऱ्यांना आत जायला वाट द्यावी म्हणून त्या बाजूला सरकल्या आणि हात चौकटीवर टेकला. गुळगुळीत रंगाखाली बोटांना बारीक खाचा लागल्या, खालपासून वरपर्यंत, इंचाइंचावर.