खासदारांची सही

“परत करा,” यसेनिया म्हणाली आणि तिने कोरा कागद पुढे सरकवला. “या वेळी जरा सावकाश.”

लेलँड ऑस्टगार्डने चौथ्यांदा सही केली. काउंटीच्या निवडणूक कचेरीतल्या तरुण अधिकारी यसेनियाने ती मतदार नोंदणीच्या अर्जावरच्या सहीशेजारी धरली. अर्जावरचं पहिलं अक्षर दोराच्या फासासारखं गोल, डौलदार होतं. शेवटच्या अक्षराची शेपटी वर वळलेली होती. कागदावर मात्र कोंबडीने उकरल्यासारखं काहीतरी होतं.

“जुळत नाही, मिस्टर ऑस्टगार्ड.”

“खासदार ऑस्टगार्ड.”

“माजी,” मागच्या बाकावरून आवाज आला. तिथे व्हर्ना पेट्री कागदी पेल्यातली कॉफी पीत बसली होती.

लेलँड अकरा वेळा निवडून वॉशिंग्टनला गेला होता आणि मागच्या नोव्हेंबरात बाराव्या खेपेला आपटला होता. बावीस वर्षांत त्याची तीन विधेयकं मंजूर झाली. तिन्ही टपाल कचेऱ्यांना नावं देण्याची. हरल्यावर फोन कमी होत गेले आणि शेवटी फक्त दातांच्या दवाखान्याचा येऊ लागला. म्हणून यंदा तो काउंटीच्या डास नियंत्रण मंडळाला उभा राहिला. पगार नाही, गाडी नाही, महिन्याला एक बैठक. पण बैठकीत प्रत्येकापुढे नावाची पाटी असते. पाटीशिवाय आपण कोण, हे लेलँडला सांगता येत नव्हतं.

त्याच्या विरोधात व्हर्ना उभी राहिली. बावीस वर्षं ती त्याची सचिव होती. तिचं घर कालव्याकाठी होतं आणि तिला डासांबद्दल खरोखरच माहिती होती. प्रचारात लेलँडने याला ‘तज्ज्ञांची घमेंड’ म्हटलं होतं.

मोजणी झाली. व्हर्ना ३१८, लेलँड ३१७. सही जुळत नाही म्हणून टपालाने आलेलं मताचं एकच पाकीट बाजूला राहिलं होतं. ते लेलँडचं स्वतःचं होतं. ते उघडलं तर बरोबरी होणार होती, आणि बरोबरी झाली की नाणं उडवतात. नाण्यावर लेलँडचा विश्वास होता. बरीचशी धोरणं त्याने तशीच ठरवली होती. पाच वाजता निकालावर शिक्का बसणार होता. आता पाचला वीस मिनिटं कमी होती.

“अहो, मी समोर उभा आहे!” तो म्हणाला. “हा माझा गाडीचा परवाना, हा फोटो. तुमच्या आजीच्या नव्वदीला मी शुभेच्छापत्र पाठवलं होतं!”

“हो, घरात फ्रेम करून लावलंय. त्यावरची सही जुळते,” यसेनिया म्हणाली. “पण नियम आहे. फोटो चालत नाही, अर्जावरचा नमुना बदलता येत नाही, सहीच जुळली पाहिजे. चार वर्षांपूर्वी तुम्हीच गावोगाव भाषणं देऊन राज्याला हा कायदा करायला लावलात. आमच्या शाळेतही आला होतात.”

“पण हा नमुना माझा नाहीच!”

यसेनियाने पेन उचललं. “मग कोणाचा? लिहून द्या. म्हणजे बावीस वर्षं तुमच्या नावाने मतदान कोणी केलं, त्याची चौकशी लावता येईल.”

लेलँडच्या मतदारसंघात दर तिसऱ्या घराच्या भिंतीवर त्याची सही लटकत होती. त्यातली एकही त्याने केलेली नव्हती.

तो व्हर्नाला कोपर धरून बाहेर बोळात घेऊन गेला, शीतपेयाच्या यंत्राच्या आडोशाला.

“व्हर्ना, एक काम कर. मी आत कोट घालायच्या निमित्ताने त्या बाईच्या आडवा येतो, तेवढ्यात तू कागदावर पटकन माझी सही ठोकून दे. दोन सेकंदांचं काम. तुझ्यासारखी प्रामाणिक बाई या काउंटीत दुसरी नाही.”

“म्हणून खोटी सही मागताय?”

“खोटी कसली? तीच तर खरी आहे!”

“तुमच्या कायद्याने पाच वर्षांची कैद आहे. मसुदा मीच टाइप केला होता.”

“आधी करायचीस की!”

“करायचे. तुम्ही तुमचं मतदानाचं पाकीट माझ्या टेबलावर टाकायचात आणि विमानतळावर पळायचात. ‘भरून टाक’ म्हणायचात.”

लेलँडचा हात तिच्या कोपरावरून सुटला. “भरून म्हणजे... सही करून?”

“भरून, साहेब. आतली मतपत्रिका कोरी असायची.”

यंत्र घरघरत होतं. लेलँडने थोडा हिशेब केला, आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळला. भाषणाच्या शेवटी यायचा तसा ओलावा त्याच्या आवाजात आला.

“म्हणजे माझं मतही तूच देत होतीस. एक तुझं, एक माझं. बावीस वर्षं, दर निवडणुकीला दोन मतं! आणि मी कधी साधे आभारही मानले नाहीत. एवढी निष्ठा, व्हर्ना! आज फक्त एकच मागतोय गं.”

व्हर्नाने कॉफीचा शेवटचा घोट घेतला आणि पेला चुरगाळून टोपलीत टाकला.

“दोन द्यायचे, हे खरंय,” ती म्हणाली. “दोन्ही तुमच्या विरोधकाला.”