पुस्तकाची फाक

बसा जरा. चहा होईस्तोवर तुमाले परतवाड्याच्या बाजारातली एक गंमत सांगतो. हसू आलं तं खुशाल हसा.

शालिकराम माळी अन् त्याची बायको मनकर्णाबाई, दोघं पूर्ना नदीच्या वाळूत टरबुजं लावत अन् बाजारात इकत. त्या दिवशी टरबुजाच्या ढिगाले खेटून पुस्तकायचा गठ्ठा होता. शालिकरामानं सोता लिहिलेलं पुस्तक, सोताच्या पैशानं अकोल्याच्या छापखान्यात छापलेलं, किंमत चार आने. मुर्तिजापूरहून लहान रेलगाडीनं येतानी सारा रस्ता तो गठ्ठा मांडीवर घेऊन बसला, लेकरू घेतल्यावानी.

दुपार ढळली तरी एक पुस्तक हाललं नाई. लोक येत, टरबुजाले टिचकी मारत, पुस्तकाले बी एक टिचकी मारत, अन् टरबूज घेऊन चालले जात.

समोर खुशालरावाचं किरान्याचं दुकान. त्यानं सकाळीच सांगून ठेवलं होतं, "शालिकराम, बाजार उठेस्तोवर नाई खपलं तं मले दे. कागद जाडा आहे. हळदीच्या पुड्या मस्त होतीन."

ऊन उतरलं तसा शालिकराम गठ्ठ्याले सुतळी बांधाले लागला.

"हे काय करून राहिले?" मनकर्णाबाईनं इचारलं.

"देऊन टाकतो खुशालभाऊले. हळद तरी बांधली जाईन."

"अन् दुसरं कवा लिहान?"

"आता कायचं लिहितो वो!"

मनकर्णाबाईच्या हाती टरबुजाचा चाकू होता. आता बाजाराचा कायदा तुमाले मालूम असन. टरबूज आतून कसं, ते बाहेरून समजत नाई. गिऱ्हाईक 'दाखव' म्हनलं का तिकोनी फाक कापून दाखवाची. पांढरी निघाली तं इकनाऱ्याचं नशीब. लाल निघाली तं घ्याच लागते, मंग मांगं फिरता येत नाई.

तिनं त्या चाकूनं सुतळीच कापली.

"न कापता टरबूज तरी कोनी घेते का? मधातून वाचा. मोठ्यानं."

शालिकराम उभा राहिला. पुस्तक मधातून उघडलं अन् वाचाले लागला. नवरदेव बैलाच्या दमनीत बसून लगनाले चालला. बैल दर हप्त्याले बाजाराच्या गावी जानारे. फाटा आला तसे सवयीनं तिकडंच वळले. त्या गावात बी लगनच होतं. बायायनं दमनी पाहिली, ह्याले ओवाळलं, तोंडात साखर घातली अन् मांडवात नेऊन उभा केला. नवरदेव ओरडे, "बापा, मी तो नाई!" पन वाजंत्र्यात कोनाले आयकू येते! बाया म्हनत, पोरगा लाजून राहिला.

गर्दी झाली. शेजारची कोथिंबीरवाली गंगूबाई तोंडात पदर कोंबून हसे. खुशालराव गठ्ठा न्याले आला होता, हातात तागडी तशीच. तो हसे अन् तागडी खळखळ वाजे.

"तेवढ्यात," शालिकरामाचा आवाज आता चढला, "वेशीतून खरा नवरदेव आला, घोड्यावर बसून, अन्..."

मनकर्णाबाईनं पुस्तक बंद केलं.

"अवो वहिनी! पुढं?" खुशालराव ओरडला.

"फाक दाखवली, खुशालभाऊ. कशी निघाली?"

"लाल निघाली न! एकदम लालभडक!"

"मंग घ्या."

खुशालरावानं तागडी खाली ठेवली. मंग कंबरेची पिशवी सोडली. "सारा बाजार मले चालाख म्हनते," तो म्हनला, "अन् ह्या बाईनं मले कागदाचं टरबूज इकलं!"

गंगूबाईनं बी एक उचललं.

"तुले कुठं वाचता येते वो?" कोनीतरी बोललं.

"मले कान नाई का? खुशालराव वाचीन, मी आयकीन. पन पुस्तक माहं!"

तिच्या मांगं बाकीचे भिडले. दिवे लागायच्या आंधी गठ्ठ्याच्या जागी नुसती कापलेली सुतळी. अन् समोर खुशालरावाच्या दुकानात गिऱ्हाइकं खोळंबलेली. जिरं कोनी तोलेना, हळद कोनी बांधेना. खुशालराव ओट्यावर मांडी घालून वाचून राहिला अन् गंगूबाई त्याले म्हने, "हळू वाचा न, माय! घोडा पळतो तसे नोका पळू."

शालिकराम गर्दीतून वाट काढत ओट्यापाशी गेला.

"भाऊ, कोरा कागद आहे का?"

खुशालरावानं मान वर नाई केली. पुड्यायचा कागद तेवढा त्याच्याकडं सरकवला.

त्यातलंच एक पुस्तक हे. मी बी तवा त्या गर्दीत होतो. मले वाचता येत नाई, म्हनून शिकलेलं मानूस दारावरून चाललं का चहा पाजतो. घ्या हातात. घोडा वेशीत आला तिथून वाचा, अन् बापा, मधात बंद करू नोका.