गावाचा रेडिओ

"आजपासून पाण्याबद्दल एक अक्षरही या माइकवरून जायचं नाही," कंपनीचे प्रधान साहेब म्हणाले आणि शांतवनच्या खुर्चीत बसले.

शांतवन उभाच राहिला. खोली तीच होती, माइक तोच होता, खुंटीला त्याचा कोटही तसाच लटकत होता. फक्त सकाळी रेडिओच्या मालकांनी, आप्पासाहेबांनी, सही केली होती आणि गावाचा रेडिओ गावाबाहेरच्या कंपनीचा झाला होता. आता रेडिओ म्हणजे तसा कसला रेडिओ? आप्पासाहेबांच्या माडीवरची ही खोली, एक यंत्र, आणि तिथून तारा ओढून देवळावर, चर्चवर, चावडीवर आणि वेशीत टांगलेले कर्णे. पण पुण्याच्या बातम्या असोत, हरवलेली म्हैस असो की दुष्काळी कामाची जागा असो, कर्ण्यातून आलं की गाव ते खरं मानायचं. राहुरीच्या त्या बाजूला कर्ण्याला खोटं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. कंपनीने नेमका हाच विश्वास विकत घेतला, हे शांतवनच्या आता ध्यानात येत होतं.

दुपारी बनुबाई धापा टाकत माडी चढून आली होती. ओढ्याकाठच्या विहिरीवर, दगडी डोणीतलं पाणी तिच्या शेळ्या प्याल्या आणि तिथंच पाय झाडून मेल्या. कंपनीचं घाण पाणी त्याच ओढ्याला सोडलेलं. बाकीच्या विहिरींनी केव्हाच तळ दाखवला होता, सारं गाव त्या एकाच विहिरीवर जगत होतं. "कर्न्यातून सांग रं बाबा, तितलं पानी कुनी भरू नगा," एवढंच ती म्हणाली, तेवढ्यात प्रधान साहेब वर आले. त्यांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, शेळ्यांचं काय ते बघू म्हणाले, आणि तिला जीपमध्ये बसवून कंपनीत पाठवलं. जीप परत आली. बनुबाई आली नाही.

तिचं काय झालं म्हणून शांतवनने चाचरत विचारलं, तर साहेब हसले.

"तुमचा मुलगा शमुवेल आमच्याकडे बॉयलरवर आहे ना? कामाला चांगला आहे. पण बॉयलरचं काम म्हणजे जोखमीचं, नाही का?"

शांतवनने मान हलवली. होय म्हणून हलवली की नाही म्हणून, त्याचं त्यालाच कळलं नाही.

ऊन उतरलं होतं. रोज या वेळेला एक भजन लागायचं, आणि ते कानावर आलं की बायका घागरी घेऊन विहिरीकडे निघायच्या. दयाही निघायची. शांतवन इथून गाणं लावायचा आणि त्याची बायको त्याच गाण्यावर पाण्याला जायची, अशी त्यांची कितीतरी वर्षं गेली होती.

"लावा तुमचं रोजचं गाणं," साहेब म्हणाले. "रोजच्यासारखं सगळं चालू राहू दे."

गाणं चुकायचं ते एकाच कारणाने. गावात कोणी गेलं, मग ते वरच्या आळीतलं असो की ख्रिस्तीवाड्यातलं, त्या दिवशी कर्णा मुका राहायचा. आप्पासाहेबांची आई गेली तेव्हा हे सुरू झालं आणि पुढे सगळ्या गावाचा तो हक्कच होऊन बसला. कर्णा गप्प म्हणजे गावात मढं. मग ते उचलेपर्यंत कोणाच्या घरी चूल पेटत नसे की विहिरीत पोहरा पडत नसे. साहेब मुंबईचे. त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं.

शांतवनने तबकडी चढवली. यंत्रावर शेजारी शेजारी दोन बटणं होती, एक खोलीतल्या छोट्या स्पीकरचं आणि दुसरं गावातल्या कर्ण्यांचं. 'प्रभू, माझ्या लेकराला सांभाळ,' तो मनात म्हणाला, आणि त्याने फक्त पहिलं, खोलीतल्या स्पीकरचं बटण दाबलं.

खोली भजनाने भरून गेली. साहेबांनी पाय लांब केले आणि बुटाने ठेका धरला.

"उकडतंय फार. ती खिडकी उघडा."

"धूळ लई येती, सायेब," शांतवन म्हणाला. साहेबांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, मग रुमाल काढून मान पुसली. खिडकी बंदच राहिली. तबकडी काही केल्या संपत नव्हती. बाहेर गाव काय करत असेल, काहीच कळायला मार्ग नव्हता. एखादी बाई सवयीने, गाण्याची वाट न बघता तशीच गेली असेल तर? ती दयाच असेल तर?

भजन संपलं. साहेब खूश होऊन उठले, आणि त्याच वेळी जिन्यावर पावलं वाजली.

आधी देवळाशेजारचा गहिनीनाथ वर आला. टोपी हातात, खांद्यावर पंचा. त्याच्यामागे जिना माणसांनी भरला होता. उघड्या दारातून शांतवनला खालची गल्ली दिसली. तिथे बायका उभ्या होत्या. दया त्यांच्यातच होती. तिच्या कमरेवरची घागर कोरडी होती.

साहेबांनी माणसांकडे पाहिलं, मग यंत्राकडे पाहिलं, आणि त्यांची नजर त्या दुसऱ्या बटणावर जाऊन थांबली. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. यंत्र बिघडलंय, एवढं म्हटलं तरी शांतवन अजून सुटला असता. बाहेरची माणसं परत गेली असती, आणि पाण्याला गेली असती.

गहिनीनाथने आवाज खाली आणून विचारलं, "शांतवन, कोन गेलं?"

शांतवनने टेबलाची कड घट्ट धरली.

"आजून कुनी न्हाई," तो म्हणाला.